बोल्टवरचा कार्बन कर आणि तारेचा हिशोब : युरोपीय आयोगाला खुले पत्र

प्रति,
उर्सुला फॉन डेर लायन, अध्यक्ष, युरोपीय आयोग, ब्रसेल्स
वोपके हूकस्ट्रा, हवामान व करविषयक आयुक्त
मारोश शेफचोविच, व्यापार आयुक्त

सप्रेम नमस्कार.

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सांगली आणि कोल्हापूर इथल्या एमआयडीसींमध्ये बोल्ट, नट, वॉशर, फ्लँज आणि पाइप फिटिंग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचे उत्सर्जनाचे हिशोब आम्ही तयार करतो. आमच्यात धातू अभियंते आहेत, कॉस्ट अकाउंटंट आहेत. १ ऑक्टोबर २०२३ ला तुमच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेचा, म्हणजे आयात माल बनवताना निघालेल्या कार्बनवर शुल्क लावणाऱ्या सीबॅमचा, संक्रमणकाळ सुरू झाला. तेव्हापासून तुमची एक्सेल शीट भरून युरोपातल्या आयातदारांकडे पाठवणे हेच आमचे काम झाले आहे. १ जानेवारी २०२६ पासून या आकड्यांवर पैसे लागू झाले. जे दोष कागदावर होते त्यांची आता किंमत मोजावी लागणार, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत. मराठीत लिहितो आहोत, कारण ही किंमत ज्यांच्या ऑर्डरींमधून वजा होईल त्या लोकांनाही त्यातले गणित कळायला हवे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. कार्बनवर किंमत लावण्याला आमचा विरोध नाही. युरोपातला पोलाद कारखाना उत्सर्जनासाठी पैसे भरतो आणि बाहेरचा भरत नाही, तर उत्पादन बाहेर जाईल आणि धूर तेवढाच राहील, हा तुमचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. युरोपच्या अडचणीही आम्ही जाणतो. २०२२ नंतर रशियाचा स्वस्त गॅस गेला. मारिओ द्राघी यांच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे युरोपातल्या कंपन्यांना वीज अमेरिकेच्या दोन ते तीन पट आणि गॅस चार ते पाच पट महाग पडतो. अमेरिकेने जून २०२५ पासून पोलादावर ५० टक्के शुल्क लावले आणि चीनचे जादा पोलाद जगभर वाट शोधते आहे. या चारही बाजूंच्या दाबात तुम्हाला आपला उद्योगही वाचवायचा आहे आणि हवामानाचे उद्दिष्टही सोडायचे नाही. पण या दाबाचा मोठा भाग सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात लहान उत्पादकावर येतो आहे. त्याच्याकडे ना मोजण्याचे साधन आहे, ना कमी करण्याचा मार्ग.

हे कसे होते ते एका बोल्टवरून सांगतो.

सीमाशुल्क यादीतल्या ७३१८ या शीर्षकाखालचा, उष्णोपचार केलेला ८.८ ग्रेडचा बोल्ट घ्या. वायर रॉड येतो. तो आम्लात धुतात, त्यावर फॉस्फेटचा थर देतात, मग तार ओढतात. कोल्ड हेडिंग मशीनवर डोके बसते, रोलिंगने आटे पडतात. त्यानंतर मेश बेल्ट भट्टीत हार्डनिंग, तेलात क्वेंचिंग, टेंपरिंग आणि शेवटी झिंक प्लेटिंग. तयार एक टन बोल्टला साधारण १.०८ टन तार लागते असे धरू. भट्टीला टनामागे ३५ किलो एलपीजी लागला असे धरू. एक किलो एलपीजी जाळला की जवळपास २.९८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे टनामागे ०.१० टन. तारेचे उत्सर्जन उदाहरणापुरते टनाला २.२ टन घेतले तर १.०८ गुणिले २.२ म्हणजे २.३८ टन. एकूण २.४८. त्यात कारखान्याचा स्वतःचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळे तारेतून येते, आणि ती तार शेकडो किलोमीटर लांबच्या मोठ्या पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये जन्मलेली असते.

ऑक्टोबर २०२५ च्या दुरुस्ती नियमनात, म्हणजे २०२५/२०८३ मध्ये, तुम्ही हे ओळखलेतही. काही वस्तूंच्या शेवटच्या प्रक्रियांचे उत्सर्जन तुम्ही हिशोबातून वगळले. त्याबद्दल आभार. पण त्याचा दुसरा अर्थ असा की अशा वस्तूवरचे शुल्क आता पूर्णपणे कच्च्या मालावर ठरते. लोखंड आणि पोलादासाठी तुम्ही फक्त थेट उत्सर्जन धरता, विजेचे धरत नाही. त्यामुळे छपरावर सौर पॅनेल बसवले, महावितरणचे बिल निम्मे झाले, तरी सीबॅमचा आकडा एक किलोनेही खाली येत नाही. एलपीजीची भट्टी काढून विजेची आणली, तरी जास्तीत जास्त त्या चार टक्क्यांनाच हात लागतो. अनेक कारखानदार कर्ज काढून सौर प्रकल्प बसवतात आणि मग आम्हाला विचारतात की आता युरोपचा कर किती कमी होईल. त्यांना शून्य हे उत्तर देणे आम्हाला जड जाते.

मग तारेचा आकडा मिळवायचा कसा? इथे आमची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

महिन्याला तीस-चाळीस टन तार घेणारा कारखाना थेट पोलाद गिरणीकडून माल घेत नाही. गिरणी, मग स्टॉकिस्ट, मग तार ओढणारा जॉबवर्कर, मग हेडिंग करणारा अशी साखळी असते. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर, म्हणजे वितळलेल्या घाणाचा क्रमांक, असतो, रासायनिक घटक असतात, ताणबल असते, पण उत्सर्जनाचा आकडा नसतो. स्टॉकिस्टने कॉइल फोडून तीन गिऱ्हाइकांना दिली की हीट नंबरचा टॅग बऱ्याचदा गळून पडतो. गिरणीला पत्र लिहिले तर उत्तर येत नाही, कारण त्यांच्या खात्यात हा लहान कारखाना ग्राहकच नसतो. संक्रमणकाळात ३१ जुलै २०२४ पर्यंत तुम्ही डिफॉल्ट मूल्ये, म्हणजे खऱ्या आकड्याऐवजी आयोगाने ठरवून दिलेले आकडे, वापरू दिलीत. त्यानंतर मिश्र वस्तूंच्या, म्हणजे सीबॅमच्याच दुसऱ्या मालापासून बनणाऱ्या वस्तूंच्या, एकूण उत्सर्जनापैकी फक्त २० टक्के अंदाजाने भरायची मुभा ठेवलीत. ज्या वस्तूत ९५ टक्के उत्सर्जन कच्च्या मालाचे आहे, तिच्यासाठी ही मर्यादा पाळणे गिरणीच्या सहकार्याशिवाय शक्यच नव्हते. खरा आकडा न मिळालेल्या आयातदारांनी भारतातल्या लहान पुरवठादारांना ईमेलवर ईमेल पाठवले, आणि ज्यांना उत्तर देता आले नाही त्यांना मोठ्या पुरवठादारांच्या मागे ढकलले.

आता २०२६ पासून डिफॉल्ट मूल्ये पुन्हा वापरता येतात, पण त्यांवर तुम्ही वाढ लावली आहे : २०२६ साठी १० टक्के, २०२७ साठी २० टक्के आणि २०२८ पासून ३० टक्के. हेतू समजतो. खरी मोजणी करायला भाग पाडायचे. पण ज्याला मोजता येत नाही कारण मोजणीचा कागद दुसऱ्याच्या कपाटात आहे, त्याला ही वाढ शिकवण देत नाही, फक्त दंड करते.

या दंडाचा आकडा मांडतो. इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो निर्यातदारांमध्येही सर्वत्र आहे. लोक म्हणतात, २०२६ मध्ये सीबॅम फक्त अडीच टक्के लागू आहे, चिंता नको. हे खरे नाही. अडीच टक्के हा आकडा युरोपातल्या कारखान्यांना मिळणाऱ्या फुकट उत्सर्जन परवान्यांतल्या कपातीचा आहे. ते परवाने २०२६ मध्ये ९७.५ टक्के राहतात, २०२८ मध्ये ९० टक्के, २०३० मध्ये ५१.५ टक्के आणि २०३४ मध्ये शून्य होतात. आयातीच्या हिशोबात वस्तूच्या उत्सर्जनातून मापदंडाचा, म्हणजे त्या वस्तूसाठी तुम्ही ठरवलेल्या उत्सर्जन पातळीचा, तेवढा हिस्सा वजा होतो. मापदंडाच्या वर जे काही आहे त्यावर पहिल्याच दिवसापासून पूर्ण किंमत लागते.

उदाहरणापुरता बोल्टचा मापदंड १.४ टन धरू आणि टनभर उत्सर्जनामागे आयातदाराने घ्यायच्या सीबॅम प्रमाणपत्राचा भाव ८० युरो. खरा आकडा उपलब्ध असेल तर २.३८ वजा १.३७ (म्हणजे १.४ चे ९७.५ टक्के) म्हणजे १.०१ टन, टनामागे जवळपास ८१ युरो. वीस टनांच्या कंटेनरमागे १,६०० युरोंच्या वर. आता गिरणीचा कागद मिळाला नाही आणि तारेचे डिफॉल्ट मूल्य ३ टन निघाले असे समजू. त्यावर १० टक्के वाढ म्हणजे ३.३, गुणिले १.०८ म्हणजे ३.५६. वजाबाकीनंतर २.२ टन, म्हणजे टनाला १७६ युरो. तोच बोल्ट, तीच गिरणी, तीच तार. फरक फक्त एका कागदाचा, आणि शुल्क दुपटीहून जास्त. २०२८ मध्ये ३० टक्के वाढ आणि कमी वजावट धरली तर हाच आकडा २३६ युरोंवर जातो. पैसे कायद्याने आयातदार भरतो हे खरे, पण ऑर्डरच्या वाटाघाटीत ते कोणाच्या दरातून कापले जातात हे तुमच्या व्यापार विभागाला वेगळे सांगायला नको.

दुसरी तक्रार ५० टनांच्या सवलतीची. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी सीबॅम माल आणणाऱ्या आयातदाराला तुम्ही सूट दिलीत. सुमारे ९० टक्के आयातदार सुटतात आणि तरी ९९ टक्के उत्सर्जन यंत्रणेत राहते, असे तुमचेच म्हणणे आहे. ही चांगली दुरुस्ती आहे, पण ती आयातदाराच्या आकारावर बेतलेली आहे, उत्पादकाच्या नाही. सांगलीचा एखादा कारखाना जर्मनीतल्या मोठ्या वितरकाला वर्षाला दोन कंटेनर पाठवत असेल, तर त्याचे चाळीस टन त्या वितरकाच्या हजारो टनांत मिसळतात आणि पूर्ण अनुपालन लागते. तेवढाच माल लहान दुकानदाराला पाठवला असता तर काहीच लागले नसते. शिवाय लहान आयातदार वर्षाच्या मध्यात ५० टनांची रेषा ओलांडतो तेव्हा त्या वर्षातला आधी आलेला मालही हिशोबात येतो. ज्या मालाचा डेटा कोणी गोळाच केला नव्हता त्याचा डेटा नोव्हेंबरमध्ये मागितला जातो.

पडताळणीबद्दल. २०२६ च्या खऱ्या आकड्यांना मान्यताप्राप्त पडताळणी संस्थेचा शिक्का लागतो आणि पहिल्या वर्षी प्रत्यक्ष स्थळभेट सक्तीची आहे. ही मान्यता युरोपीय सदस्य देशाच्या अधिस्वीकृती संस्थेकडून हवी. पडताळणी करणाऱ्याचा वेळ कारखान्याच्या टनांवर ठरत नाही. मीटर किती, इंधनाची बिले किती, कच्चा माल कुठून, उत्पादन नोंदवही ताळ्याला येते का, हे दोनशे टनांच्या कारखान्यातही तपासावेच लागते. त्यामुळे टनामागचा खर्च लहान कारखान्याला कितीतरी जास्त पडतो. भारतात राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, म्हणजे एनएबीसीबी, आहे. भारताच्या स्वतःच्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेसाठी ऊर्जा दक्षता ब्युरोने पडताळणी संस्थांची व्यवस्था उभी केली आहे. या लोकांनी मोजलेले युरोपात चालणार नाही, असे म्हणण्याचे तांत्रिक कारण आम्हाला दिसत नाही.

गोपनीयतेचा प्रश्न थोडक्यात. कारखान्याने भरलेल्या शीटमध्ये तारेचा वापर, उतारा आणि इंधन सगळे दिसते. त्यावरून खरेदीदार त्या कारखान्याचा खर्च सहज काढतो. उत्पादकांसाठी सीबॅमच्या ऑनलाइन नोंदणीत स्वतंत्र दालन तुम्ही उघडलेत हे योग्यच, पण अनेक आयातदार अजूनही पूर्ण शीट ईमेलवर मागतात आणि नाही म्हटले तर ऑर्डर थांबवतात.

कोल्हापूरच्या फाउंड्रींकडे आता विशेष लक्ष द्यायला हवे. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे ओतकाम बहुतांशी ७३२५ किंवा ८४ आणि ८७ व्या प्रकरणांत मोडते आणि आजवर बरेचसे यादीबाहेर होते. १७ डिसेंबर २०२५ ला तुम्ही पोलाद व ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त असलेल्या सुमारे १८० वस्तू यादीत घेण्याचा प्रस्ताव ठेवलात. ओतकामात खरा कार्बन पिग आयर्नमध्ये, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमधल्या कच्च्या लोखंडात, असतो. भंगाराला तुम्ही शून्य धरता, म्हणून पिग आयर्न कमी करून भंगार वाढवणे हाच आकडा खाली आणायचा मार्ग. ग्रे आयर्न या साध्या ओतीव लोखंडात सीआरसी, म्हणजे कोल्ड रोल्ड पत्र्याचे, भंगार आणि कार्बन वाढवणारा कार्बुरायझर वापरून हे बऱ्याच प्रमाणात जमते. पण एसजी आयर्न या न तुटता ताणल्या जाणाऱ्या ओतीव लोखंडात, विशेषतः त्याच्या मऊ फेरिटिक ग्रेडमध्ये, मँगनीज कमी ठेवावे लागते. आजच्या मोटारींच्या उच्च ताकदीच्या पत्र्यात मँगनीज जास्त असते. तसे भंगार वाढवले की पर्लाइट हा कठीण घटक वाढतो, लांबणे, म्हणजे इलाँगेशन, पडते आणि कास्टिंग नाकारले जाते. तेव्हा स्वच्छ, वर्गवारी केलेले भंगार लागते आणि त्याचा एक मोठा स्रोत युरोपच आहे.

आणि इथे तुमची दोन धोरणे एकमेकांना छेद देतात. कचरा वाहतुकीच्या २०२४/११५७ या नियमनाप्रमाणे २१ मे २०२७ पासून ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेरच्या देशांत असे भंगार पाठवायचे असेल तर तो देश आयोगाच्या मान्य यादीत हवा. एका हाताने तुम्ही सांगता की भंगार वापरा, तर शुल्क कमी. दुसऱ्या हाताने भंगाराच्या दाराला कडी लावता. पर्यावरणाची तपासणी जरूर करा, पण भारत त्या यादीत आहे की नाही हे फाउंड्रीला वेळेत कळायला हवे. भट्टीचा चार्ज मिक्स बदलून ग्राहकाची नवी मंजुरी मिळवायला अनेक महिने जातात.

पैशांचा मुद्दा टाळणार नाही. सीबॅमच्या महसुलातला ७५ टक्के वाटा युरोपीय अर्थसंकल्पात घेण्याचा तुमचा प्रस्ताव आहे, आणि डिसेंबरच्या प्रस्तावात युरोपातल्या उत्पादकांसाठी तात्पुरता निधीही आहे. ज्या कारखान्यांच्या मालावर ही रक्कम उभी राहते, त्यांच्या मोजणी यंत्रणेसाठी त्यातला थोडाही भाग निश्चित केलेला नाही. इकडे भारतात कोळशावर टनाला ४०० रुपये अधिभार वर्षानुवर्षे भरला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो जीएसटीच्या १८ टक्के दरात विलीन झाला. तुमची व्याख्या उत्सर्जनावर आकारलेलीच किंमत मानते, त्यामुळे कोळशावरचा असा कर वजा होण्याची वाट दिसत नाही. भारताच्या कार्बन बाजाराच्या ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या अधिसूचनेत ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद होते, पोलाद नव्हते. ही उणीव आमच्या सरकारची आहे आणि ते आम्ही दिल्लीलाही सांगतो.

आमच्या मागण्या या :

गिरणीच्या पातळीवर पडताळलेला उत्सर्जन आकडा ईएन १०२०४ या युरोपीय मानकाच्या ३.१ प्रमाणपत्रावर, म्हणजे मिल टेस्ट सर्टिफिकेटवर, हीट नंबरसह छापण्याची पद्धत मान्य करा, आणि नोंदणीत तो गिरणीनिहाय खालच्या उत्पादकांना वापरू द्या. ७ ऑक्टोबर २०२५ च्या पोलाद प्रस्तावात तुम्ही पोलाद कुठे वितळले आणि ओतले याचा पुरावा मागितला आहेच. त्याच कागदावर एक ओळ वाढवायची आहे. ही एक सुधारणा झाली तर आमच्या निम्म्या तक्रारी संपतील, म्हणून ती पहिली मागितली.

तोवर, गिरणीकडे लेखी मागणी करूनही आकडा मिळाला नाही असे लहान उत्पादकाने दाखवले, तर त्याच्या कच्च्या मालाच्या डिफॉल्ट मूल्यावर १०, २०, ३० टक्क्यांची वाढ लावू नका.

वर्षाला युरोपात ठरावीक टनांपेक्षा कमी माल पाठवणाऱ्या उत्पादकासाठी, आयातदार कितीही मोठा असो, सोपी वाट ठेवा : एक पानी विवरण, तीन वर्षांतून एकदा स्थळभेट, मधल्या वर्षांत कागदांची तपासणी. रेषा किती टनांवर आखायची ते ठरवताना लहान उद्योगांच्या संघटनांना विचारा.

एनएबीसीबी आणि तिच्या अधिस्वीकृत संस्थांना परस्पर मान्यता द्या. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्या. त्यासोबत ठरलेल्या तांत्रिक संवादात हा पहिला विषय असू द्या.

आयातदाराने पूर्ण शीट मागू नये, नोंदणीतला अंतिम आकडा आणि पडताळणी अहवाल पुरेसा आहे, असे तुमच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट लिहा.

नव्या १८० वस्तूंपैकी जी शीर्षके शेवटी मंजूर होतील त्यांची यादी आणि मोजणीची पद्धत लागू होण्याच्या किमान दोन वर्षे आधी जाहीर करा. भंगाराबाबत भारताविषयीचा निर्णय मे २०२७ च्या बराच आधी सांगा.

महसुलातला निश्चित भाग विकसनशील देशांतल्या लहान उत्पादकांच्या इंधन मीटर, डेटा नोंदणी आणि पडताळणी खर्चासाठी बाजूला काढा. तो अनुदान म्हणून कारखान्याला रोख देऊ नका. थेट पडताळणी संस्थेला द्या, म्हणजे हिशोब स्वच्छ राहील.

२०२६ च्या मालासाठी प्रमाणपत्रांची विक्री १ फेब्रुवारी २०२७ ला सुरू होईल आणि पहिले वार्षिक विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचे आहे. यांतल्या पहिल्या दोन मागण्यांवरचे तुमचे उत्तर आम्हाला विक्री सुरू होण्याआधी हवे आहे, कारण २०२७ च्या ऑर्डरींचे दर त्याआधीच ठरतात. नमुना म्हणून, कारखान्यांची नावे काढून, बोल्ट, फ्लँज आणि फिटिंग यांचे पूर्ण भरलेले हिशोब तुमच्या कर व सीमाशुल्क महासंचालनालयाला द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
महाराष्ट्रातल्या लहान फास्टनर, फ्लँज आणि ओतकाम कारखान्यांचे उत्सर्जन हिशोब करणारे अभियंते व कॉस्ट अकाउंटंट